पहिला अचूक स्क्रू कुठून आला? हेन्री मॉडस्लेची गोष्ट

फोन दुरुस्त करताना आतला एखादा बारीक स्क्रू हरवला, तर दुकानदार त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनचा काढून लावतो. तो बसतोही. यात आपल्याला विशेष काहीच वाटत नाही. पण साधारण १८०० सालापर्यंत एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टवर बसेल याची काही खात्री नसायची. आटे बरेचदा हातानेच पाडले जायचे, त्यामुळे यंत्र उघडलं की कुठला नट कुठल्या बोल्टचा हे लक्षात ठेवावं लागायचं. ही कटकट संपवण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो हेन्री मॉडस्ले. कॉलेज त्याने कधी पाहिलंच नाही.

जन्म १७७१चा, लंडनजवळच्या वुलविचमधला. वयाच्या बाराव्या वर्षी तो तिथल्या शस्त्रागारात काडतुसांमध्ये दारू भरायच्या कामाला लागला. मग सुतारकाम आणि नंतर लोहारकाम. हातात इतकी सफाई होती की अठराव्या वर्षी कुलूपवाल्या जोसेफ ब्रामाने त्याला बोलावून घेतलं. ब्रामाचं कुलूप भारी होतं, पण त्याचे भाग हाताने बनवणं फार खर्चिक पडायचं. हेन्रीने ते भाग बनवणारी यंत्रंच तयार केली. पुढे घर वाढलं, आठवड्याचे ३० शिलिंग पुरेनात, म्हणून त्याने पगारवाढ मागितली. ब्रामाने नकार दिला. १७९७मध्ये हेन्रीने नोकरी सोडून स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. (चांगला माणूस अप्रेझलमध्ये गमावायची पद्धत बरीच जुनी आहे म्हणायची!)

आता त्याच्या लेथकडे वळू. लेथ तेव्हा नवा नव्हता. फिरणाऱ्या जॉबवर कारागीर हत्यार हाताने दाबून धरायचा आणि सगळी अचूकता त्याच्या मनगटात असायची. मॉडस्लेने हत्यार घट्ट पकडणारी सरकती स्लाइड, लांब लीड स्क्रू आणि गिअर या तिन्ही गोष्टी एका दणकट लोखंडी लेथवर एकत्र आणल्या. सुटे सुटे प्रयोग त्याच्या आधीही झाले होते, त्यामुळे 'लेथचा जनक' वगैरे म्हणणं मला पटत नाही. पण रोजच्या कामात चालेल अशी जोडणी त्याने करून दाखवली.

काम असं चालतं. जॉब फिरतो, त्याच्यासोबत लीड स्क्रू फिरतो आणि तो हत्यार पुढे ढकलतो. म्हणजे जॉबवर जे आटे पडतात ती लीड स्क्रूचीच कॉपी असते. लीड स्क्रूमध्ये चूक असेल तर तीही कॉपी होते. मग पहिला अचूक लीड स्क्रू कुठल्या लेथवर बनवायचा? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न ओळखीचा आहे: पहिला कम्पायलर कोणी कम्पाइल केला?

मॉडस्लेने लाकडाचे आणि मऊ धातूंचे गोल दांडे घेतले. त्यावर एक वक्र पातं ठरावीक कोनात तिरकं टेकवलं. दांडा फिरला की पातं आपोआप पुढे सरकत आटे कोरायचं. कोन बदलला की आट्यांमधलं अंतर बदलायचं. असे बरेच दांडे करून त्यातला सगळ्यात चांगला निवडायचा आणि तो पोलादात उतरवायचा. पुढे त्याने ५ फूट लांबीचा, इंचाला ५० आटे असलेला स्क्रू बनवला. त्याचा नट १२ इंची होता, म्हणजे एकावेळी ६०० आट्यांवर पकड. एखाद्या आट्यातली बारीक चूक बाकीच्यांमध्ये विरून जाते.

सुरुवातीला वेगळ्या मापाच्या आट्यांसाठी लीड स्क्रूच बदलावा लागे. नंतरच्या लेथवर त्याने बदलते गिअर बसवले आणि एकाच स्क्रूवर हवे ते आटे निघू लागले. जुना इंची लेथ मेट्रिक आट्यांसाठी वापरायचा असेल तर आजही हाच उपाय आहे, १२७ दात्यांचं गिअर लावायचं. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि १२७ भागिले ५ बरोबर २५.४. कुठेही राउंड ऑफ नाही! फक्त असा लेथ घेताना चकजवळचा लीड स्क्रू नीट बघा. बरंचसं काम तिथेच होतं, त्यामुळे आटे तिथे आधी झिजतात आणि ती झीज नव्या जॉबमध्ये उतरते. स्क्रू साफ करून तेल द्या. नुसतं टर्निंग करताना लेथला वेगळा फीड रॉड असेल तर तोच वापरा, लीड स्क्रू आट्यांसाठी राखून ठेवा.

मॉडस्लेचं मोठं काम म्हणजे पोर्ट्समथच्या गोदीतली यंत्रं. मार्क ब्रुनेलच्या डिझाइनवरून त्याने जहाजाच्या दोरखंडांच्या लाकडी कप्प्या बनवणारी ४०हून जास्त यंत्रं घडवली. वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. ११० कुशल कारागिरांचं काम १० साधे कामगार करू लागले. बाकीच्या शंभरांचं काय झालं, हा प्रश्न यंत्राचं कौतुक करताना सहसा कोणी विचारत नाही.

वर्कशॉपमधले मापाचे वाद मिटवायला त्याने एक मायक्रोमीटर बनवला होता, इंचाचा दहाहजारावा भाग दाखवणारा. त्याचं नाव 'लॉर्ड चान्सलर', कारण त्याच्या निकालावर अपील नाही!

फ्रान्सहून परतताना समुद्रात त्याला थंडी बाधली आणि १४ फेब्रुवारी १८३१ला तो गेला. त्याची कबर वुलविचमध्ये बांधली, तीही ओतीव लोखंडाची, त्याच्याच डिझाइनची. त्याच्या हाताखाली शिकून गेलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये सगळ्या कारखान्यांसाठी आट्यांचं एकच माप सुचवलं.