विल्यम जेम्स वानलेस

सर विल्यम जेम्स वानलेस (१ मे १८६५ – ३ मार्च १९३३) हे मिरज येथील मिशन रुग्णालयाचे संस्थापक आणि ख्यातनाम शल्यचिकित्सक होते. दक्षिण महाराष्ट्रात आधुनिक शस्त्रक्रिया सामान्य रुग्णांपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

वानलेस यांचा जन्म कॅनडातील ओंटारियो प्रांतात झाला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८८९ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. प्रारंभी सांगली येथे त्यांनी दवाखाना चालवला. नंतर मात्र लगतच्या मिरजेची निवड केली. मिरज हे पुण्याहून सातारा जिल्ह्यातून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील जंक्शन होते व तेथूनच कोल्हापूरचा फाटा निघत असे. त्यामुळे कऱ्हाड वा कोरेगावकडच्या रुग्णास आगगाडीने थेट येणे शक्य झाले. फिलाडेल्फियाचे उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले.

त्या काळी शस्त्रक्रिया म्हणजे अखेरचा उपाय, अशीच बहुतेकांची समजूत होती. मोतीबिंदू, मूतखडा, गाठी यांचे रुग्ण वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढत आणि सर्व उपाय थकल्यावरच येत. अशा रुग्णांवर यश मिळवणे कठीण, आणि एका मृत्यूने गावेच्या गावे पाठ फिरवण्याचा धोका मोठा. वानलेस यांनी भूल देणे व जंतुनाशनाची शिस्त यांवर भर दिला. मोतीबिंदू काढल्यावर दृष्टी परत आलेला शेतकरी गावी परतला, की तोच रुग्णालयाचा प्रचारक ठरे. शल्यचिकित्सक म्हणून त्यांचा लौकिक धर्मोपदेशक म्हणून असलेल्या लौकिकापेक्षा कितीतरी अधिक पसरला, असे म्हणावयास हरकत नाही. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांच्याशी त्यांचा स्नेह होता.

एकट्या डॉक्टरच्या हातांवर रुग्णालय चालणार नाही, हे ओळखून १८९७ मध्ये त्यांनी स्थानिक तरुणांसाठी वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग सुरू केला. येथे शिकलेल्यांनी पुढे आसपासच्या भागांत दवाखाने चालवले. परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. शस्त्रक्रियागृहात सहायक म्हणून उभे राहणारे हात याच मुलखातले होते, ही बाब वानलेस यांच्या वैयक्तिक कौशल्याच्या कथांमध्ये बरेचदा झाकली जाते. कुष्ठरुग्णांसाठीही मिरजेत निवासाची व्यवस्था उभी राहिली.

१९०६ मध्ये मेरी वानलेस यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या मिशन रुग्णालयास पुढे त्यांचेच नाव मिळाले. १९०७ मध्ये वानलेस यांनी लिलियन हॅवन्स यांच्याशी विवाह केला. १९२० च्या सुमारास सांगली-मिरज रस्त्यालगत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारण्यात आले. त्या परिसराला वानलेसवाडी हे नाव पडले आणि ते आजही रूढ आहे.

ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले, तर १९२८ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेस परतले. भारतातील वैद्यकीय कामाच्या आठवणी त्यांनी १९३२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. पुढील वर्षी कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे त्यांचे निधन झाले.

मिरजेचे संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९४९ मध्ये हे शहर नव्याने झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आले. १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मूळ रुग्णालय वानलेस यांच्या नावानेच ओळखले जाते.