‘मंगल’वाले जोशी सर

वर्डमध्ये कधी मराठी टाइप केलंय? मग फॉन्टच्या यादीत ‘मंगल’ हे नाव दिसलंच असेल. विंडोज २००० पासून कॉम्प्युटरसोबत आयता येऊ लागलेला हा देवनागरी फॉन्ट प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी केला. डिझाइनवाले त्यांना आर. के. म्हणायचे, कवितेच्या जगात ते र. कृ. जोशी.

जन्म १९३६चा. १९५६ मध्ये मुंबईच्या जे. जे.मधून कमर्शियल आर्टचा डिप्लोमा घेतला आणि जाहिरात क्षेत्रात शिरले. पुढे ‘उल्का’त बराच काळ आर्ट डायरेक्टर. पण खरा जीव अक्षरात. अक्षरांच्या आकारातूनच कविता करायची, बोरू आणि ब्रश घेऊन कॅलिग्राफी करायची, हे नोकरीच्या बरोबरीने चालूच. भारतातल्या सगळ्या भाषांना चालेल अशी ‘देशनागरी’ लिपीही त्यांनी आखली होती. ती काही रुळली नाही, पण एवढी मोठी उडी मारायला हिंमत लागते राव!

१९८३ मध्ये ते पवईच्या आयआयटीत, इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायला गेले आणि १९९६ पर्यंत तिथेच होते. त्यानंतर मुंबईच्या एनसीएसटीत, म्हणजे आताच्या सी-डॅकमध्ये. साठीच्या उंबरठ्यावर लोक निवृत्तीचं बघतात, सर इथे कॉम्प्युटरच्या अक्षरांमागे लागले.

तेव्हा अवस्था काय होती? प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, त्यातली अक्षरांची जागाही वेगळी. जुन्या डीटीपीची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसता कचरा दिसायचा, हे प्रोजेक्ट छापायला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. उपाय होता सगळ्यांनी मिळून ठरवलेला एक तक्ता. तो म्हणजे युनिकोड. पहिली आवृत्ती १९९१ची. प्रत्येक अक्षराला एक नंबर, आकार कसा द्यायचा ते फॉन्टने बघावं. वेब पेज ज्यात लिहितात त्या एचटीएमएलचाही आधार हाच तक्ता. कारेगावात भाड्याने राहून रांजणगाव एमआयडीसीत कामाला जाणारा बिहारचा पोरगा हिंदीत मेसेज करतो, घरमालक मराठीत उत्तर देतो. दोघांच्या फोनमध्ये ‘क’चा नंबर २३२५च.

या तक्त्यात नवं अक्षर घालायचं तर अर्ज कुणीही करू शकतं. तुम्हीसुद्धा. पण पुरावा लागतो: हे चिन्ह कुठल्या छापील पुस्तकात आहे, कोण वापरतं, आधीच्या अक्षरांची जोडणी करून ते का होत नाही. अर्ज नंबर देऊन सगळ्यांना वाचायला खुला ठेवतात. मग तांत्रिक समितीत खल, अभ्यासकांच्या हरकती, सुधारून पुन्हा अर्ज. शिवाय आंतरराष्ट्रीय मानक संस्थेत देशांचं मतदान. यात वर्षं जातात.

एवढी कटकट का? कारण एकदा दिलेला नंबर कधीच काढून घेत नाहीत, नावही बदलत नाहीत. एका कंसाच्या इंग्रजी नावात स्पेलिंग चुकलंय, ‘ब्रॅकेट’ची दोन अक्षरं उलटसुलट झालीत. ती चूक आता कायमची.

आपल्या मराठीचंच बघा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. उच्चार वेगळा, अर्थ वेगळा, पण दोन्हीकडे ‘र’ला ‘य’ जोडलेला. हा ‘ऱ्य’ लिहायचे दोन मार्ग तक्त्यात आहेत. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ वापरायचा, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र वेगळे. म्हणून कधीकधी शब्द डोळ्यासमोर असूनही सर्चमध्ये सापडत नाही.

सरांनी शेवटच्या वर्षांत हात घातला तो याहून किचकट कामाला: वैदिक संस्कृतची चिन्हं युनिकोडमध्ये आणायला. वेदाच्या ओळींवर-खाली स्वराच्या खुणा असतात, आणि एकाच स्वराची खूण वेगवेगळ्या शाखांच्या पोथ्यांत वेगवेगळी. मग ती एकच खूण समजून दोन फॉन्टमध्ये दोन आकार द्यायचे, की दोन नंबर मागायचे? इथे अक्षराचा आकार ओळखणारी नजर आणि पाठ जाणणारा पंडित, दोघेही हवेत. देशातले-परदेशातले संस्कृत अभ्यासक आणि लिपीतज्ज्ञ या कामात होते, आणि सगळ्यांचं एकमत सहज होणारं नव्हतं. जाहिरातीत क्लायंट दुपारपर्यंत ‘फायनल’ मागतो. त्या दुनियेतून आलेल्या माणसाने हा गोगलगायीचा वेग पत्करला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

५ फेब्रुवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये युनिकोड ५.१ आलं आणि ‘ॲडमिशन’मधल्या आपल्या ‘ॲ’ला स्वतंत्र नंबर मिळाला. वैदिक चिन्हं ऑक्टोबर २००९ मध्ये, ५.२ मध्ये आली. ३५ चिन्हांचा वेगळा विभागच झाला. सामवेदाच्या ओळीवर लिहितात ते छोटे आकडेही त्याच आवृत्तीत तक्त्यावर चढले.