विश्लेषण : दहा महिलांनी ओळखले, तरीही निर्दोष! कोण होते ॲडॉल्फ बेक? त्यांच्यामुळे ब्रिटनचा कायदा कसा बदलला?

एका प्रत्यक्षदर्शीने आरोपीला ओळखले तर शंकेला थोडी जागा उरते. दहा जणींनी एकाच माणसाकडे बोट दाखवले तर? लंडनमध्ये १८९६ मध्ये नेमके हेच घडले. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली आणि आठ वर्षांनी सिद्ध झाले की दहाही जणींची चूक झाली होती. त्या आरोपीचे नाव ॲडॉल्फ बेक. प्रत्यक्षदर्शीच्या साक्षीवर किती विसंबायचे, या प्रश्नाची चर्चा आजही त्यांच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही.

बेक कोण होते?

बेक यांचा जन्म १८४१ मध्ये नॉर्वेत झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही काळ जहाजावर काम केले आणि १८६५ मध्ये ते इंग्लंडला आले. तीन वर्षांनी ते दक्षिण अमेरिकेत गेले. तिथे त्यांनी गायन केले, पुढे व्यापार आणि दलाली केली. ते १८८५ मध्ये युरोपात परतले. नॉर्वेतील तांब्याच्या खाणीत घातलेले पैसे बुडाल्याने लंडनमध्ये ते कायम कर्जात असत.

थोडक्यात, १८७७ मध्ये बेक लंडनमध्ये नव्हते, पेरूमध्ये होते. पुढील सगळ्या प्रकरणात हाच मुद्दा कळीचा ठरायला हवा होता.

अटक कशी झाली?

त्या काळात लंडनमध्ये एक भामटा एकट्या राहणाऱ्या महिलांना गाठत होता. आपण बडे उमराव असल्याचे तो सांगे, नवे कपडे घेण्यासाठी धनादेश देई आणि माप घेण्याच्या बहाण्याने अंगठ्या घेऊन पसार होई. धनादेश अर्थातच खोटा निघे.

व्हिक्टोरिया स्ट्रीटवर १६ डिसेंबर १८९५ रोजी भाषा शिकवणाऱ्या एका महिलेने बेक यांना अडवले. आपली घड्याळे आणि अंगठ्या यांनीच पळवल्या, असा तिचा आरोप होता. बेक यांना ती कोण हेच ठाऊक नव्हते. त्यांनीच आधी जवळच्या पोलिसाकडे तिची तक्रार केली. पोलिसाने दोघांनाही ठाण्यात नेले आणि बेक तिथून सुटलेच नाहीत.

ओळख परेडमध्ये काय चुकले?

फसवल्या गेलेल्या इतर महिलांना पोलिसांनी बोलावले. बेक यांच्यासोबत रस्त्यावरून आणलेली काही माणसे उभी करण्यात आली. पण पिकलेले केस आणि मिशा असलेले त्या रांगेत एकटे बेकच होते. भामटाही तसाच दिसायचा. त्यामुळे ओळखण्यासारखा दुसरा माणूस समोर नव्हताच.

महिला खोटे बोलत नव्हत्या. त्यांनी भामट्याला थोडाच वेळ पाहिले होते, तेही बऱ्याच दिवसांपूर्वी. एकदा बेक यांच्याकडे बोट दाखवल्यावर आठवणीतल्या चेहऱ्याची जागा बेक यांच्या चेहऱ्याने घेतली. कोर्टात त्या ठामपणे बोलल्या, कारण त्यांना खरोखर तसेच वाटत होते.

दहा साक्षीदार म्हणजे दहापट खात्री, हे गणित इथेच फसते. एकाच दोषाच्या दहा तराजूंवर माल तोलला तर दहाही वजने सारखीच चुकतात.

खटल्यात निर्दोषत्व का सिद्ध झाले नाही?

याच पद्धतीने फसवणूक केल्याबद्दल जॉन स्मिथ नावाच्या माणसाला १८७७ मध्ये शिक्षा झाली होती. स्मिथ म्हणजेच बेक, असे त्याला तेव्हा पकडणाऱ्या पोलिसानेही शपथेवर सांगितले. हस्ताक्षरतज्ज्ञाने चिठ्ठ्या आणि धनादेश बेक यांच्याच हातचे असल्याचा निर्वाळा दिला.

बचाव सरळ होता. भामटा हा स्मिथ असेल, तर बेक निर्दोष आहेत, कारण स्मिथला शिक्षा झाली तेव्हा ते पेरूमध्ये होते. पण सरकारी पक्षाने जुन्या शिक्षेशी जोडलेले आरोप पुढे चालवलेच नाहीत. त्यामुळे १८७७ चा विषय गैरलागू ठरवून न्यायाधीशांनी तो पुरावा येऊ दिला नाही. हेच न्यायाधीश १८७७ मध्ये स्मिथविरुद्ध सरकारी वकील होते. मार्च १८९६ मध्ये बेक यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगात त्यांना स्मिथचाच जुना कैदी क्रमांक देण्यात आला.

तुरुंगातून बेक अर्ज करत राहिले. १८९८ मध्ये जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. स्मिथची सुंता झालेली होती, बेक यांची नव्हती. दोघे वेगळे असल्याचे गृहखात्याला कळले. त्यावर फक्त कैदी क्रमांक बदलला, शिक्षा कायम राहिली. १९०१ मध्ये ते सुटले.

दुसऱ्यांदा तीच चूक कशी झाली?

१९०४ मध्ये पुन्हा तशीच तक्रार आली आणि संशय पुन्हा बेक यांच्यावर गेला. पोलिसांनी तक्रारदार महिलेला ते जेवायला जात त्या उपाहारगृहात पाठवले. तिथे ती त्यांना ओळखू शकली नाही. नंतर बेक घराबाहेर पडत असताना तिला त्यांच्यासमोर आणले गेले, तेव्हा मात्र तिने ओळखले. यावेळी पाच महिलांनी साक्ष दिली आणि ज्युरीने पुन्हा दोषी ठरवले. न्यायाधीशांना शंका आल्याने शिक्षा तेवढी लांबणीवर पडली.

बेक कोठडीत असतानाच, जुलै १९०४ मध्ये, फसवून घेतलेल्या अंगठ्या गहाण ठेवताना एक माणूस पकडला गेला. गुन्ह्याची पद्धत तीच होती. हाच खरा जॉन स्मिथ, मूळ नाव विल्हेल्म मेयर. महिलांनी त्याला ओळखले, हस्ताक्षरतज्ज्ञानेही चूक मान्य केली. बेक यांना माफी आणि ५,००० पौंड भरपाई मिळाली. मात्र त्यांना सुख फार काळ लाभले नाही. डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

कायद्यात काय बदलले?

चौकशी समितीने स्पष्ट केले की केवळ चेहऱ्याच्या आठवणीवर आधारलेली ओळख, साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी, इतर पुराव्याची जोड नसेल तर सर्वांत कमी भरवशाची असते. तोवर इंग्लंडमध्ये फौजदारी निकालाविरुद्ध दाद मागण्यासाठी अपील न्यायालयच नव्हते. मुंबईहून गेलेल्या पारशी धर्मोपदेशकाचा मुलगा जॉर्ज एडलजी यालाही त्याच काळात चुकीची शिक्षा झाली होती. या दोन प्रकरणांच्या दबावातून १९०७ मध्ये फौजदारी अपील न्यायालयाचा कायदा झाला.

भारतातही ओळख परेड हा स्वतंत्र ठोस पुरावा मानला जात नाही. न्यायालयातील साक्षीला बळकटी देण्यापुरताच तिचा उपयोग होतो. एखादी गोष्ट सिद्ध करायला ठरावीक संख्येने साक्षीदार लागत नाहीत, असे १८७२ च्या पुरावा कायद्यातच होते. साक्षीदार मोजायचे नाहीत, साक्ष तोलायची, हा त्याचा अर्थ. बेक यांच्या खटल्यात साक्षीदार मोजले गेले. त्याची किंमत त्यांनी तुरुंगातील पाच वर्षांहून अधिक काळाने चुकवली.