दिंडीची घडी बसवणारे वै. हैबतबाबा आरफळकर

लातूर-नांदेडकडून पंढरीला चालत जाणाऱ्या दिंडीच्या शताब्दी ग्रंथात साताऱ्याकडच्या माणसाचं चरित्र कशाला, असं काही मंडळी विचारतील. आपल्याकडं देगलूरकरांची फडपरंपरा आहे, औशाचं चक्रीभजन आहे. संतसज्जनांची आपल्याला वाण नाही. पण पुढं पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, मागं विणेकरी आणि त्यामागं तुळस घेतलेल्या मायमाउल्या, ही रांग आपण न सांगता धरतो. वारीतल्या या शिस्तीचा उगम शोधत गेलं, की हैबतबाबांच्या पायाशीच येऊन थांबावं लागतं. म्हणून शंभराव्या वर्षी त्यांचं स्मरण करणं आम्ही आमचं कर्तव्य समजतो.

बाबांचं गाव सातारा जिल्ह्यातलं आरफळ, आडनाव पवार. घरात वारी होतीच. पण पोटापाण्यासाठी आणि नावासाठी ते उत्तरेत गेले आणि ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी सरदार झाले. कमरेला तलवार आणि मुखात हरिपाठ, अशी त्यांची रीत होती.

पुढची हकिगत वारकऱ्यांच्या घराघरांत सांगतात. बराच पैसा-अडका घेऊन बाबा गावाकडं निघाले होते. वाटेत सातपुड्याच्या रानात लुटारूंनी त्यांना धरलं आणि गुहेत कोंडलं. सुटका दिसेना. बाबांनी अन्नपाण्याची काळजी सोडली आणि हरिपाठ सुरू केला. दिवसामागून दिवस गेले, मुखातलं नाम थांबलं नाही. तेवढ्यात टोळीच्या नायकाच्या घरी मुलगा झाला. आनंदात त्यानं गुहेची शिळा काढायला लावली, तर आत हा माणूस भजनात दंग! त्याचं मन पालटलं. त्यानं बाबांना मानानं सोडलं, द्रव्यही परत केलं.

बाबा निघाले ते आळंदीला आले. माउलींच्या नामानं जीव वाचला, तर तो जीव आता माउलींचाच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. सरदारकी सुटली. रात्री शेजारती झाली की समाधीपुढं उभं राहायचं आणि पहाटेच्या काकड्यापर्यंत भजन करायचं, हा त्यांचा नेम झाला.

त्या काळी वारी कशी होती, हे समजून घेतलं पाहिजे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका निघत, आळंदीला माउलींच्या पादुका घेतल्या जात आणि दोन्ही एकाच पालखीतून पंढरीला जात. पुढं दीडशे वर्षांत या सोहळ्यात मानपानाच्या आणि हक्काच्या कुरबुरी शिरल्या. पालखी निघत होती, माणसं चालत होती. पण घडी विस्कटली होती. कुठल्याही जुन्या मंडळाचं असंच होतं. भक्ती आटत नाही, व्यवस्था आटते.

बाबा या वादात कुणाच्या बाजूनं भांडायला उतरले नाहीत. सुमारे १८३२ पासून त्यांनी माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र काढली. एकट्याच्या बळावर हे होणार नाही, हे शिंद्यांच्या फौजेत राहिलेल्या माणसाला पक्कं माहीत होतं. त्यांनी फडकरी मंडळींना जोडलं. बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडं शब्द टाकला. शितोळ्यांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची सेवा घेतली. आजही अंकलीहून अश्व पायी चालत आळंदीला येतात. एकदा मागितलेली मदत किती पिढ्या टिकली पाहा! ती टिकली, कारण बाबांनी नुसती देणगी घेतली नाही. त्यांनी देणाऱ्याच्या पदरात कायमची सेवा घातली.

फौजेतली शिस्त बाबांनी वारीत आणली, पण हुकूम आणला नाही. कुठली दिंडी कुठं चालणार, हे ठरलं. आज रथापुढं २७ दिंड्या आणि रथामागं कितीतरी चालतात, त्या ठरल्या क्रमानंच. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे, ती मालिकाही परंपरेनं बाबांच्याच नावावर आहे. त्यामुळं लाखाची गर्दी झाली तरी नव्या माणसाला कुठं उभं राहायचं आणि काय म्हणायचं हे विचारावं लागत नाही.

याच शिस्तीतला मुक्कामावरच्या समाज आरतीचा रिवाज आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो, मग टाळ थांबतात. हरवलं-सापडलं तिथंच पुकारतात, उद्या निघायची वेळ तिथंच सांगतात. त्यानंतर आरती. म्हणजे कुणाचं मन दुखलेलं असताना देवाची आरती होत नाही! तक्रार दडपायची नाही आणि ती उद्यावर न्यायचीही नाही.

आणि स्वतःसाठी बाबांनी काय घेतलं? आळंदीच्या महाद्वारात पायरीची जागा. पंढरीत नामदेवरायांची पायरी, तशी आळंदीत हैबतबाबांची. कार्तिक वद्य अष्टमीला या पायरीची पूजा होते, तेव्हाच माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्याला सुरुवात होते. ज्यानं एवढा सोहळा उभा केला, तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायधुळीत राहिला.

आता आपलं पाहू. ज्येष्ठ-आषाढात आपल्याकडं सोयाबीन, तुरीच्या पेरणीची घाई. पाऊस लांबला तर जीव आभाळाकडं, पडला तर तिफणीकडं. तरणी पोरं पुण्याला, हैदराबादला कामावर. काही मंडळी गाडीनं येऊन थेट चंद्रभागेवर भेटतात. आजूबाजूच्या काही दिंड्या मोडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या भक्ती संपली म्हणून मोडल्या नाहीत. कुठं विणा कुणी घ्यायचा यावरून मोडल्या, कुठं भिशीच्या हिशेबावरून, तर कुठं नव्या पोराला कुणी काम सांगितलं नाही म्हणून.

म्हणून शताब्दीला मोठी कमान उभारण्याआधी बाबांची रीत धरू या. पहिल्या वर्षी आलेल्या पोराला त्याच दिवशी एक सेवा नेमून द्यावी; पताका असो, पाण्याची गाडी असो की तंबूच्या खुंट्या. चालता येत नाही त्या म्हाताऱ्याच्या घरी भिशीची ज्वारी मागायला आवर्जून जावं, त्याची वारी त्या पायलीतून होते. हिशेब मुक्कामावर वाचावा. गाऱ्हाणं त्याच रात्री, आरतीच्या आधी मिटवावं. आणि ज्याच्याकडं मोठेपण येईल त्यानं पायरीशी राहावं.

बाबांच्या पश्चात पावणेदोनशेहून अधिक वर्षं सोहळा चालतो आहे. आपली शंभर झाली. पुढची शंभर बघायला आपल्यातलं कुणी नसेल. पण रांग लावून दिली, तर चालणारे येत राहतील.

रामकृष्णहरी.