देवळालीचे कापरेकर मास्तर

नेमून दिलेली गणिते आधी सोडवून मोकळी झालेली मुले शेजाऱ्याच्या खोड्या काढू लागली, की आम्हांस दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे स्मरण होते. १९०५ साली डहाणूस जन्मलेल्या या मुलाचे मातृछत्र आठव्या वर्षीच हरपले. पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून त्यांनी १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळालीस मास्तरकी केली.

१९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल उजेडात आणले. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती वजा करावी आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. उत्तर तीन अंकी आल्यास आधी शून्य मांडावे. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग ते हलत नाही! आमच्या हैदराबादचे स्थापनावर्ष १५९१ घ्या. ९५११ मधून ११५९ जाता ८३५२. ८५३२ मधून २३५८ जाता ६१७४. कापरेकरांच्या जन्मवर्षास मात्र पुरत्या सात वजाबाक्या लागतात. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, म्हणून ताळा दोनदा पाहिला.

अनेक गणितज्ञांनी हा पोरखेळ मानला. कापरेकर स्वतः पुस्तिका छापीत राहिले. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. १९८६ साली ते निवर्तले.

आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात हल्ली रोज एक चार अंकी संख्या असते.