हेडफोनचे जनक नॅथॅनिएल बाल्डविन

बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात नॅथॅनिएल बाल्डविन यांचे नाव सुपरिचित आहे. दोन्ही कानांवर बसणाऱ्या आजच्या हेडफोनचा पूर्वज त्यांनी निर्माण केला. परीक्षेच्या यशाबद्दल मुलांना किंवा वाढदिवसानिमित्त वडीलधाऱ्यांना हेडफोन भेट देण्याची रीत आता आपल्या हैदराबादेतील मराठी घरांतही रूढ होत आहे. अशी भेट निवडणाऱ्यास या संशोधकाचे चरित्र खचितच मार्गदर्शक ठरेल, असे आम्हांस वाटते.

बाल्डविन यांचा जन्म १८७८ साली अमेरिकेतील यूटा प्रांतात फिलमोर या गावी झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी विद्युत्-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. ते मॉर्मन पंथाचे निष्ठावंत अनुयायी होते. भव्य प्रार्थनामंदिरातील प्रवचने नीट ऐकू येत नसल्यामुळे ध्वनी स्पष्ट करणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांना सुचली, असे सांगतात. अभ्रकाचा पातळ पडदा वापरून त्यांनी अत्यंत संवेदनक्षम असा ग्राहक सिद्ध केला.

१९१० च्या सुमारास त्यांनी आपला संच अमेरिकेच्या नौदलाकडे पाठविला. चाचणीत तो प्रचलित यंत्रांहून पुष्कळच सरस ठरला. नौदलाने मागणी नोंदविली. परंतु बाल्डविन यांचा कारखाना म्हणजे घरचे स्वयंपाकघर! एका वेळी जेमतेम दहा संच तयार करणे त्यांना शक्य होते.

ध्वनी उत्तम असूनही एक उणीव राहिली होती. डोक्यावरची पट्टी वापरणाऱ्यांना सुखकर वाटेना. तारायंत्रावर तासन् तास बसणाऱ्या माणसाचे डोके दुखू लागले, तर स्पष्ट आवाजाचा लाभ तो काय? बाल्डविन यांनी तक्रार मनावर घेतली आणि चामड्याने मढविलेल्या, मागेपुढे सरकविता येणाऱ्या दोन तारांची नवी पट्टी तयार केली. ही सुधारणा त्यांना इतकी क्षुल्लक वाटली, की तिचे एकस्वही त्यांनी घेतले नाही. आमच्या मते मात्र त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद प्रसंग हाच होय.

पुढे रेडिओचा प्रसार होताच त्यांची भरभराट झाली. सॉल्ट लेक सिटीजवळ मोठा कारखाना उभा राहिला. परंतु पंथातील एका वादग्रस्त गटावर त्यांनी मुक्तहस्ते पैसा खर्च केला. १९२४ साली उद्योग डबघाईस आला. नंतर टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या आरोपावरून त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. १९६१ साली ते निवर्तले, तेव्हा पूर्वीचे वैभव उरले नव्हते.

आता आपल्या भेटीकडे वळू. कोठी किंवा अबिड्सच्या दुकानांत हेडफोनच्या आकर्षक पेट्या मांडलेल्या असतात. बेताच्या रकमेत सर्वच गुण मिळणे कठीण. तेव्हा पेटीवरील मोठमोठ्या अक्षरांपेक्षा नौदलाची कसोटी आपण लावावी. पट्टी कमीजास्त करता येते काय? कान गादीच्या आत पूर्ण सामावतो की तिच्याखाली दाबला जातो? चष्मा लावणाऱ्याच्या कानशिलावर भार येतो काय? शक्य असल्यास पंधरा मिनिटे घालून पाहावे, कारण पहिल्या क्षणी मऊ वाटणारी गादी नंतर टोचू लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कृत्रिम चामड्याच्या गाद्या घामेजतात, म्हणून कापडी आवरणाचा किंवा गाद्या बदलता येणारा संच उपलब्ध असल्यास तो पाहावा.

कान नीट झाकला गेला, की रस्त्यावरचा गोंगाट आत कमी शिरतो आणि आवाज फार वाढवावा लागत नाही. हाही लाभ लहान नव्हे. मुलांसाठी ७५ डेसिबल एवढा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंतच ऐकावा, ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा आहे. त्याहून मोठ्या आवाजाने बिघडलेली श्रवणशक्ती पूर्ववत होईलच असे नाही.

बाल्डविन यांचे धन टिकले नाही. पण वापरणाऱ्याच्या डोक्याला त्रास होतो हे कळताच आपल्या नावाजलेल्या यंत्रात बदल करण्याची त्यांची वृत्ती आजही अनुकरणीय आहे. भेट देणाऱ्याने आपली आवड क्षणभर बाजूला ठेवून, ज्याला ती वापरायची आहे त्याच्या कानांचा विचार केला, तर थोड्या पैशांतही ती भेट खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.