जंतू सापडला, पण गोष्ट तिथे संपली नाही!

२४ मार्चला जगभर क्षयरोग दिन पाळतात. हीच तारीख का, माहितीये? १८८२मध्ये याच दिवशी बर्लिनमध्ये डॉ. रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू जगासमोर आणला. तोवर अनेक जण या आजाराला आनुवंशिक समजायचे.

कॉख यांचा जन्म १८४३चा, जर्मनीतल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावातला. घरात तेरा भावंडं. डॉक्टर झाल्यावर पोस्टिंग मिळालं वोलश्टाइन नावाच्या छोट्याशा गावात. ना लॅब, ना ग्रँट! पेशंट तपासायच्या जागेतच एक कोपरा अडवून त्यांनी प्रयोग सुरू केले आणि १८७६मध्ये अँथ्रॅक्सच्या जंतूचं जीवनचक्र उलगडलं. पुढे थेट बर्लिन गाठलं.

टीबीचा जंतू मेणचट आवरणामुळे सहज रंग धरत नाही. कॉख रंग बदलत राहिले. शेवटी तपकिरी पार्श्वभूमीवर बारीक निळ्या काड्या दिसल्या. त्या त्यांनी लॅबमध्ये वाढवल्या, गिनीपिगना टोचल्या आणि त्यांना टीबी झाला. पुरावा पक्का!

पण मोठी माणसंही घाई करतात. १८९०मध्ये त्यांनी ट्यूबरक्युलिन हे औषध म्हणून आणलं. पेशंट बर्लिनला धावले, पण गुण येईना. आज ते फक्त तपासणीला वापरतात. १८९७मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईतही येऊन गेले. १९०१मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनी गायीचा आणि माणसाचा टीबीचा जंतू वेगळा असल्याचं सांगितलं. हे बरोबर होतं. पण गायीच्या जंतूचा माणसाला फारसा धोका नाही, हे त्यांचं म्हणणं चुकीचं होतं. कच्च्या दुधातून मुलांना टीबी होतच होता. ब्रिटिश आयोगाने १९११मध्ये ते स्पष्ट केलं, तोवर १९०५चे हे नोबेल मानकरी जग सोडून गेले होते.

वेगळेपण माणसांतल्या जंतूंमध्येही निघालं. १९६८मध्ये सेनेगलमध्ये 'आफ्रिकानम' हा प्रकार नोंदवला गेला, तो मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतच आढळतो. पूर्व आशियात 'बीजिंग' घराण्याचा जोर, अनेक देशांत ते औषधांना दाद न देणाऱ्या टीबीशी जोडलेलं. आपल्याकडे तर उत्तर आणि दक्षिण भारतातली घराणीही वेगवेगळी!

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. तिथे मायक्रोस्कोपखाली आजही शोधतात, त्या कॉख यांनी पाहिलेल्या काड्याच. फक्त त्या कुठल्या घराण्यातल्या, हे आता जनुकं सांगतात.